मॅन सिटी विरुद्ध प्रीमियर लीग: स्पॉन्सरशिपच्या नियमांवरचं भांडण नक्की जिंकलं कोणी?

बॉक्स_टू_बॉक्स

एपीटी, म्हणजे मालकाशी संबंध असलेल्या कंपन्यांबरोबरच्या व्यवहारांचे नियम, यावरून सिटी (मँचेस्टर सिटी हा फुटबॉल क्लब) आणि इंग्लंडची प्रीमियर लीग यांच्यात जे झालं त्याचा ताळमेळ लागत नाहीये. सिटीने या नियमांविरुद्ध केलेल्या दाव्याचा निवाडा ऑक्टोबर 2024 मध्ये बाहेर आला आणि त्याच दिवशी दोन्ही बाजूंनी 'आमचंच खरं ठरलं' अशी पत्रकं काढली. फेब्रुवारी 2025 मध्ये जुने नियम अख्खेच्या अख्खे रद्दबातल ठरले. मग सप्टेंबर 2025 मध्ये सिटीने सध्याचे नियम वैध आणि बंधनकारक असल्याचं मान्य करून सुधारित नियमांविरुद्धचा दुसरा दावा मिटवला. हाती पत्ते चांगले असताना पाने का टाकली?

जाणकारांना तीन प्रश्न:
1. नियमांतलं नेमकं काय बेकायदा ठरलं?
2. मालकाने क्लबला बिनव्याजी कर्ज दिलं तर त्याचा स्पॉन्सरशिपशी काय संबंध?
3. ते 115 आरोपांचं प्रकरण यातच येतं की वेगळं?

चाहतेगिरी नको, कृपया कागद वाचलेल्यांनीच लिहा.

लवादी

तिसरा प्रश्न आधी उरकतो. वेगळं आहे. 115 आरोप लीगने 6 फेब्रुवारी 2023 ला एका स्वतंत्र आयोगाकडे सोपवले आणि त्याची सुनावणी सप्टेंबर ते डिसेंबर 2024 अशी चालली. तिथे आरोपी सिटी आहे, आणि मुख्य वाद सिटीने 2009-10 पासूनच्या हंगामांचे हिशेब खरे दाखवले का, हा आहे. एपीटी प्रकरणात दावा सिटीचा आणि आरोपीच्या पिंजऱ्यात लीगचे नियम. शिवाय एपीटीचे नियम जन्मालाच आले डिसेंबर 2021 मध्ये. दोन्हींची सरमिसळ वर्तमानपत्रांनी इतकी केली आहे की आता ती निस्तरणं कठीण.

दुसरी दुरुस्ती 'कोर्ट' या शब्दाची. हे भांडण कोर्टात गेलंच नाही. लीग ही कंपनी आहे, 20 क्लब तिचे भागधारक. शेअर घेतला की नियमपुस्तिका करार म्हणून लागू होते, आणि तिच्या 'एक्स' विभागानुसार क्लब आणि लीगमधला वाद लवादापुढे न्यावा लागतो, तोही बंद दाराआड. 1996 च्या लवाद कायद्याखाली कोर्टाचं दार जेमतेम किलकिलं राहतं: लवादाला अधिकारच नव्हता (कलम 67), किंवा कामकाजात गंभीर गफलत झाली (कलम 68). सिटीने एका आधीच्या वादात, कागदपत्रं द्यायची की नाही यावरून, हे दार ढकलून पाहिलं होतं. दावा फेटाळला गेलाच, वर जुलै 2021 मध्ये कोर्ट ऑफ अपीलने तो निकाल प्रसिद्ध करायला लावला. गंमत म्हणजे तो गुप्त राहावा असं सिटी आणि लीग दोघांचंही म्हणणं होतं.

एपीटीच्या लवादात तिघे होते: सर नायजेल टीअर, लॉर्ड डायसन आणि क्रिस्टोफर वाज्डा. तिघेही निवृत्त न्यायाधीश, त्यातले वाज्डा युरोपीय न्यायालयात बसलेले, त्यामुळे स्पर्धा कायदा त्यांना शिकवावा लागणार नव्हता. सुनावणी जून 2024 मध्ये, निवाडा 26 सप्टेंबरचा, जाहीर 7 ऑक्टोबरला.

आता तुमचा पहिला प्रश्न. सिटीचा मोठा हल्ला तत्त्वावर होता: असे नियम असणंच स्पर्धेच्या विरुद्ध आहे, ते आखाती मालकांच्या क्लबांना डोळ्यासमोर ठेवून केले आहेत. हे लवादाने मानलं नाही. मालकाच्याच गोतावळ्यातली कंपनी फुगवलेल्या रकमेचा करार करत असेल तर ती रक्कम बाजारभावाला आणायचा हक्क लीगला आहे, हे कायम राहिलं. सिटी जिंकली ती तीन ठिकाणी.

पहिलं, मालकाने दिलेलं कर्ज या तपासणीतून वगळलं होतं. त्यावर 'ताळेबंद' यांनी लिहावं.

दुसरं, फेब्रुवारी 2024 मधले शब्दबदल. बाजारमूल्याच्या जुन्या व्याख्येत करार एवढ्या रकमेला होऊ 'शकतो' का, हे पाहायचं होतं. त्याचं एवढ्या रकमेला 'झाला असता' का, असं केलं गेलं. शिवाय रक्कम 'उघडपणे' बाजारमूल्याबाहेर असेल तरच हात घालायचा, त्यातला 'उघडपणे' काढून टाकला. वाचायला किरकोळ वाटतं. पण स्पॉन्सरशिपला एकच एक भाव नसतो, एक पट्टा असतो. छातीवरच्या नावाचे कोणी 4 कोटी पौंड देईल, कोणी 5.5 कोटी. जुन्या शब्दांत पट्ट्याच्या वरच्या टोकाचा करार तगायचा, नव्या शब्दांत तो मध्याकडे ओढला जाणार. लवादाने म्हटलं, यात खऱ्या बाजारभावाचे करारही मारले जातील.

तिसरं, कामकाजाचा अन्याय. लीगकडे सगळ्या क्लबांच्या करारांची विदापेढी (डेटाबँक) आहे. तिच्यातले आकडे पाहून लीगचं बोर्ड ठरवणार की तुमची रक्कम जास्त आहे, पण निर्णय होईपर्यंत ते आकडे क्लबला दिसणार नाहीत. म्हणजे 'हा तुलनेचा करार आमच्यासारखा नाही, त्यात स्टेडियमचं नाव धरलेलं नाही' असं सांगायची सोयच नाही. सिटीचे एतिहाद विमान कंपनी आणि फर्स्ट अबू धाबी बँकेबरोबरचे करार लीगने अडवले होते; ते दोन्ही निर्णय याच मुद्द्यावर बाजूला ठेवले गेले. निर्णयाला अवाजवी उशीर केला, हेही लीगच्या पदरात पडलं.

ताळेबंद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे. खालचे स्पॉन्सरशिप आणि कर्जाचे आकडे समजण्यापुरते, नियमांचे आकडे खरे.

नफा-टिकाव नियमानुसार, ज्याला सगळे पीएसआर म्हणतात, क्लबला तीन हंगामांत मिळून 10.5 कोटी पौंड तोटा चालतो. तोही मालकाने भांडवल घालून भरला तर; नाहीतर मर्यादा फक्त 1.5 कोटी. अकादमी, महिला संघ, समाजकार्य, बांधकाम यांवरचा खर्च वजा होतो. खालच्या डिव्हिजनमध्ये काढलेल्या हंगामाला 3.5 ऐवजी 1.3 कोटीच धरतात. म्हणून नॉटिंगहॅम फॉरेस्टची मर्यादा 1.3 + 1.3 + 3.5 अशी 6.1 कोटी निघाली, ती 3.45 कोटींनी ओलांडली आणि मार्च 2024 मध्ये 4 गुण गेले. एव्हर्टनचे 10 गेले होते, अपिलात 6 झाले.

आता समजा बाजारभाव 5 कोटींचा असताना मालकाच्या भावाची कंपनी वर्षाला 8 कोटी देते. वरचे 3 कोटी तीन वर्षांत 9 कोटी होतात, म्हणजे तोट्याची मर्यादा जवळजवळ दुप्पट झाली. 10 कोटींना घेतलेला खेळाडू पाच वर्षांच्या करारावर दरवर्षी 2 कोटी खर्च म्हणून पडतो (डिसेंबर 2023 पासून विभागणी कमाल पाचच वर्षांवर), वर पगार 1 कोटी. त्या एका करारातून एक मोठा खेळाडू फुकटात सुटला.

कर्जाचंही तसंच, फक्त उलट्या बाजूने. मालकाने 20 कोटी पौंड शून्य व्याजाने दिले. बँकेने 8 टक्क्यांनी दिले असते तर वर्षाला 1.6 कोटी व्याज खर्चात पडलं असतं, तीन वर्षांत 4.8 कोटी. हा खर्च हिशेबात दिसतच नाही. म्हणजे एका मालकाने जास्त पैसे 'उत्पन्न' म्हणून घातले तर तपासणी, दुसऱ्याने खर्च गिळून तेवढीच मदत केली तर सूट. आर्सेनल आणि ब्रायटनसारख्या क्लबांच्या डोक्यावर अशी कर्जं मोठी होती, आणि सिटीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. लवादाला हे पटलं: वगळणूक हेतूनेच स्पर्धेला बाधक आहे.

मग नियम बदलल्यावर उपाय काय? कर्जाचं भागभांडवलात रूपांतर. भांडवलावर व्याजच नसतं, त्यामुळे बाजारभावाचा प्रश्न मिटतो. पण मालक ते सुखासुखी करत नाहीत, आणि त्याला कारण आहे. कर्ज परत मागता येतं. क्लब विकताना ते फेडून घ्यायची अट घालता येते, क्लब बुडाला तर धनको म्हणून रांगेत उभं राहता येतं. भांडवल एकदा घातलं की त्या रांगेत तुम्ही शेवटचे.

विदापेढीच्या मुद्द्यावर एक जोड. आपल्याकडच्या ट्रान्स्फर प्रायसिंगमध्ये, म्हणजे एकाच गटातल्या कंपन्यांमधल्या व्यवहारांचा भाव करासाठी ठरवताना, हाच वाद जुना आहे: अधिकाऱ्याने करदात्याला न दाखवलेल्या तुलनांवरून भाव ठरवायचा का? सीए मंडळींना हा निवाडा वाचताना घरी आल्यासारखं वाटेल.

बॉक्स_टू_बॉक्स

दोघांचेही आभार. पण मग फेब्रुवारी 2025 मध्ये काय झालं? तीनच त्रुटी होत्या तर तेवढ्या काढून बाकीचे नियम का नाही ठेवले? आणि नियम रद्द झाले तर त्या काळात ज्यांचे करार कापले गेले त्यांना भरपाई मिळते का?

लवादी

रद्दबातल कलम वेगळं काढता येतं का, याची इंग्रजी कायद्यातली कसोटी अशी: निळी पेन्सिल घ्या आणि आक्षेपार्ह शब्द खोडा. नवीन शब्द घालायची परवानगी नाही. खोडल्यावर उरलेलं वाचता आलं पाहिजे आणि कराराचं स्वरूप बदलता कामा नये. 'उघडपणे' परत आणायचा तर तो लिहावा लागतो, खोडून येत नाही. क्लबला आकडे दाखवायची तरतूदही खोडण्यातून निर्माण होत नाही. म्हणून 14 फेब्रुवारी 2025 च्या निवाड्यात डिसेंबर 2021 ते नोव्हेंबर 2024 मधले एपीटीचे नियम संपूर्ण रद्दबातल ठरले.

मधल्या काळात, 22 नोव्हेंबर 2024 ला, लीगने सुधारित नियम 16 विरुद्ध 4 मतांनी मंजूर करून घेतले होते. सिटी, न्यूकॅसल, फॉरेस्ट आणि अ‍ॅस्टन व्हिला विरोधात. मालकाची कर्जं तपासणीत आली (जुन्या कर्जांना सवलत ठेवून), फेब्रुवारी 2024 चे काही शब्दबदल मागे घेतले, विदापेढीतली संबंधित माहिती क्लबच्या सल्लागारांना दाखवायची सोय झाली. फेब्रुवारी 2025 च्या निवाड्याने या नव्या नियमांबद्दल काहीच ठरवलं नाही. ते दुसऱ्या दाव्यात येणार होतं.

भरपाईबद्दल: दरवाजा उघडला, पण आत शिरणं अवघड. नियम नसता तर मूळ रकमेचा करार झालाच असता हे दाखवावं लागतं. त्यासाठी स्पॉन्सरची सही झालेली किंवा व्हायच्या बेतात असलेली कागदपत्रं लागतात, आणि कापलेली रक्कम किती ते नेमकं. 'आम्ही करारच केला नाही कारण लीग अडवेल असं वाटलं' या युक्तिवादाला पुरावा जवळपास नसतोच. मागणीही पुन्हा त्याच 'एक्स' विभागातल्या लवादापुढे.

माघारीबद्दल. 8 सप्टेंबर 2025 ला समझोता जाहीर झाला, अटी उघड नाहीत, पुढे बोलायचं नाही असं दोघांनी ठरवलं. त्यामुळे इथून पुढे माझा तर्क. पहिल्या दाव्यातले दोन सर्वांत धारदार मुद्दे, शब्दबदल आणि लपवलेले आकडे, लीगने स्वतःच बऱ्याच अंशी बोथट केले होते. उरला मुख्यतः एक: जुन्या कर्जांना दिलेली सवलत. तो मुद्दा चांगला होता, पण तो जिंकून सिटीच्या हाती काय आलं असतं? दुसऱ्या क्लबांचा खर्च वाढला असता. सिटीला हवा होता तो स्वतःच्या कराराला होकार. दाव्यातून तो मिळत नाही, बोर्डाकडून मिळतो. मला तरी ही पाने टाकणं वाटत नाही.

हाफस्पेस

आखाती मालकांना लक्ष्य केलं नव्हतं, हे लवादाचं मत मान्य, पण तारखा बोलक्या आहेत. न्यूकॅसलचा ताबा सौदी सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या गटाकडे गेला 7 ऑक्टोबर 2021 ला. 18 ऑक्टोबरला तातडीची बैठक, आणि अशा सगळ्या करारांवर तात्पुरती बंदी. 18 क्लब बाजूने, न्यूकॅसल विरोधात, सिटी तटस्थ. डिसेंबरात कायमचे नियम. अकरा दिवसांत एरवी लीगमध्ये चहाची वेळ ठरत नाही.

आणि फेब्रुवारी 2024 च्या बदलांची मतं पाहा: 12 बाजूने, 6 विरोधात, 2 तटस्थ. सगळे '14 मतं लागतात' म्हणतात, मग 12 वर मंजूर कसं झालं? कारण नियम दोन-तृतीयांशाचा आहे तो मत देणाऱ्यांच्या. दोघे तटस्थ राहिले की 18 पैकी 12 पुरतात. त्यातल्या एकाने जरी 'नाही' म्हटलं असतं तर 19 पैकी 13 लागले असते आणि हे शब्दबदल झालेच नसते. उलट उदाहरण नोव्हेंबर 2023 चं: एकाच मालकाच्या क्लबांनी आपसात खेळाडू उसने देऊ नयेत हा प्रस्ताव 13-7 असा एका मताने पडला. सिटीची बहीण मंडळी तेव्हा स्पेनमधल्या जिरोनापासून आपल्या मुंबई सिटीपर्यंत पसरलेली होती, पण त्या वेळी सगळ्यांच्या डोळ्यात होता तो न्यूकॅसल आणि सौदी क्लबांमधला रस्ता.

कलम_चार

इतर क्लबांच्या लढाया शेजारी ठेवल्या तर सिटीने काय वेगळं केलं ते दिसतं.

क्यूपीआरने, म्हणजे क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबने, 2013-14 च्या हंगामातल्या दंडावर थेट तत्त्वालाच आव्हान दिलं: खर्चावर मर्यादा हीच स्पर्धाविरोधी, आणि दंड अवाच्या सवा. ऑक्टोबर 2017 मध्ये लवादात हरले, अपील सोडून 2018 मध्ये एकूण सुमारे 4.2 कोटी पौंडांवर मिटवलं. सिटीचाही तत्त्वावरचा हल्ला फसलाच. तिला तारलं ते 'तुमचा नियम तुमच्याच हेतूशी सुसंगत नाही' या मुद्द्याने. स्पर्धा कायद्यात हे फार जुनं हत्यार आहे. नियमाचं समर्थन एका उद्दिष्टाने करायचं आणि त्याच उद्दिष्टाला भोक पाडणारा अपवाद ठेवायचा, हे टिकत नाही.

लेस्टरने तर नियमाला हातही लावला नाही. लीगचा आरोप होता 12.94 कोटी तोट्याचा, मर्यादा 10.5. पण क्लबचं हिशेबाचं वर्ष संपलं 30 जून 2023 ला, आणि खालच्या डिव्हिजनमध्ये घसरल्यामुळे लीगमधला शेअर त्याआधीच जून महिन्यात हातचा गेला होता. वर्ष संपलं त्या दिवशी लेस्टर प्रीमियर लीगचा क्लबच नव्हता, म्हणून त्या वर्षाबद्दल कारवाईचा अधिकार लीगला नाही. सप्टेंबर 2024 मध्ये अपील मंडळाने हे मान्य केलं. नियमाचा हेतू काय होता ते कोणीही सांगेल, पण मंडळाने नियमात जे लिहिलंय तेवढंच वाचलं. हिशेबाची तारीख 31 मे असती तर गोष्ट उलटी झाली असती.

भारतात असं घडलं तर? मार्ग स्पर्धा आयोगाचा. 2002 च्या कायद्याचं कलम 4, वर्चस्वाचा गैरवापर. आयपीएलच्या प्रकरणात आयोगाने बीसीसीआयला 2013 मध्ये 52.24 कोटी रुपये दंड केला, अपिलात तो रद्द होऊन प्रकरण परत आलं आणि 2017 मध्ये आयोगाने तेवढाच दंड पुन्हा ठोठावला. क्रीडा संघटना पैसे कमावते तेवढ्यापुरती ती 'उद्योग' आहे, हा पाया त्यातून पक्का झाला. मात्र तिथे तक्रार प्रतिस्पर्धी लीगची दारं बंद करण्याबद्दल होती, स्पॉन्सरच्या भावाबद्दल नव्हती.

बॉक्स_टू_बॉक्स

शेवटचा प्रश्न. 2026-27 पासून पीएसआर जाऊन संघ-खर्चाच्या प्रमाणाचा नियम येतोय. मग हा सगळा वाद शिळा झाला का?

ताळेबंद

अर्धा झाला, अर्धा ताजाच आहे.

21 नोव्हेंबर 2025 ला 14-6 मतांनी ठरलं की संघावरचा खर्च फुटबॉलच्या उत्पन्नाच्या (अधिक खेळाडू-विक्रीतल्या निव्वळ नफ्या-तोट्याच्या) 85 टक्क्यांत बसवायचा. युरोपात खेळणाऱ्यांना यूएफाचे (युरोपीय फुटबॉल संघटनेचे) 70 टक्के आहेतच. तळाच्या क्लबच्या उत्पन्नाशी सगळ्यांचा खर्च बांधायचा दुसरा प्रस्ताव त्याच दिवशी पडला.

संघ-खर्च म्हणजे खेळाडूंचे आणि प्रशिक्षकाचे पगार, खरेदीची वार्षिक विभागणी, एजंटची फी. यात व्याज कुठेच नाही. त्यामुळे बिनव्याजी कर्जाचा जो मुद्दा लवादात सर्वांत वजनदार ठरला, त्याचा या प्रमाणापुरता दात पडला. चेल्सीने दोन हॉटेलं 7.65 कोटींना आपल्याच भगिनी कंपनीला विकून पीएसआरचा तोटा भरून काढला होता, तसली विक्रीही उपयोगाची नाही, कारण ते फुटबॉलचं उत्पन्न नव्हे. पीएसआर असताना ही पळवाट बुजवायला 14 मतं जमली नव्हती. आता ती आपोआप बुजते.

स्पॉन्सरशिपचं मात्र उलट. पूर्वी जास्तीचा पौंड तोटा कमी करायचा. आता तो थेट खर्चाची परवानगी वाढवतो: मालकाच्या ओळखीतून 2 कोटी जास्त आले की 1.7 कोटी पगारावर आणि खरेदीवर उडवायला मोकळे, दरवर्षी. म्हणजे रक्कम बाजारभावाची आहे की नाही हे ठरवणारं बोर्ड आधीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालं. पट्ट्याच्या वरच्या टोकाला बसणाऱ्या करारांवर पुढची भांडणं होतील, आणि तिथे 'उघडपणे' हा एक शब्द किती ताणता येतो यावर दोन्हीकडचे वकील जेवतील.

लवादी

एक भर: तुलनेचे आकडे आता क्लबच्या सल्लागारांना दिसतात, थेट क्लबला सरसकट नाही, नाहीतर प्रतिस्पर्ध्याच्या कराराची किंमत सगळ्यांना कळेल आणि तो वेगळाच स्पर्धा कायद्याचा गुन्हा. त्यामुळे करार पाठवतानाच त्यात काय-काय आहे त्याची फोड करून द्यावी: शर्ट, बाही, सरावाचा पोशाख, स्टेडियमचं नाव, आणि प्रत्येकाची वेगळी रक्कम. एकच गोळाबेरीज रक्कम पाठवली की बोर्ड ती दुसऱ्या कोणाच्या नुसत्या शर्टच्या कराराशी ताडून पाहतं आणि तिथेच घोडं पेंड खातं.